झडप अरुंद होते आहे, मग औषध का नाही?

प्रश्न: माझे वय ६३ आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ‘मर्मर’ (हृदयाच्या ठोक्यांसोबतचा जादा आवाज) ऐकू आला, म्हणून टूडी इको करण्यात आला. महाधमनीची झडप मध्यम प्रमाणात अरुंद झाल्याचे त्यात निघाले. अहवालात रक्ताचा वेग सेकंदाला ३.२ मीटर असा लिहिला आहे. मला त्रास कसलाच नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू ठेवायला सांगितली, झडपेसाठी वेगळे औषध नसते, वर्षभराने पुन्हा इको करू, असे म्हणून पाठवून दिले. आजार वाढणार हे ठाऊक असताना नुसते बसून राहायचे, हे मला पटत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीने झडपेला फायदा होतो असे कोणी सांगते, कोणी नाही म्हणते. व्हिटॅमिन के-२ घेतल्याने झडपेतले कॅल्शियम कमी होते असे वाचले. हाडांसाठी मी कॅल्शियमची गोळी घेतो, ती बंद करावी का? माझ्या बहिणीचीही झडप खराब आहे, पण तिला चार औषधे दिली गेली आणि तिची झडप चक्क सुधारली; मग मला का नाही? नवे औषध लवकरच येणार आहे असेही कानावर येते. ते येईपर्यंत झडपेची शस्त्रक्रिया टाळता येईल का?

उत्तर: आपल्या पत्रातील मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. अरुंद होत चाललेल्या महाधमनीच्या झडपेचा आजार, म्हणजे एओर्टिक स्टेनोसिस, थांबवणारे किंवा त्याचा वेग कमी करणारे सिद्ध झालेले औषध आज उपलब्ध नाही. आपल्या तज्ज्ञांनी आपल्याला वाटेला लावलेले नाही. कोणत्याही देशातल्या जाणकार हृदयरोगतज्ज्ञाने आज हेच सांगितले असते. तरीही ‘औषध नाही’ हे ऐकून ‘करण्यासारखे काही नाही’ असा जो निष्कर्ष आपण काढला आहे, तो मला मान्य नाही. त्याची कारणे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण औषध का नाही हे समजले, की बाजारात आणि ऐकीव गप्पांत जे काही ‘झडपेसाठी’ म्हणून सुचवले जाते त्याची पारख आपल्याला स्वतःच करता येईल.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शरीराकडे रक्त बाहेर पडते त्या तोंडाशी ही झडप असते. तिला तीन पातळ पाकळ्या असतात आणि त्या दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा उघडतात व मिटतात. अनेक वर्षे डॉक्टरांची अशी समजूत होती, की दाराची बिजागरी वापरून झिजते तशी ही झडप वयोमानाने झिजते आणि त्यावर इलाज तो काय असणार! गेल्या सुमारे तीन दशकांत ही समजूत बदलली. झिजेपेक्षा येथे एक चालती-बोलती जैविक प्रक्रिया घडत असते. पाकळीच्या पृष्ठभागाला सूक्ष्म इजा होते, तेथून कोलेस्टेरॉलचे कण आत शिरतात, त्यांच्यामुळे दाह होतो, आणि पुढे पाकळीतल्याच काही पेशी हाडे घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. मग तेथे कॅल्शियम साचते, पाकळी जाड आणि ताठ होते, आणि निरोगी अवस्थेत तीन-चार चौरस सेंटिमीटर असणारी वाट आक्रसत जाते. वाट जितकी अरुंद, तितके रक्त अधिक जोराने बाहेर फेकले जाते. आपल्या अहवालातला वेगाचा आकडा हेच मोजतो. हा वेग सेकंदाला ३ मीटरपेक्षा कमी असेल तर आजार सौम्य, ३ ते ४ असेल तर मध्यम, आणि ४ किंवा त्याहून अधिक असेल तर तीव्र मानला जातो.

ही प्रक्रिया रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याच्या प्रक्रियेशी इतकी मिळतीजुळती दिसली, की रक्तवाहिन्यांसाठी गुणकारी ठरलेली, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातील औषधे झडपेलाही उपयोगी पडतील, असे अनुमान साहजिकच निघाले. सुरुवातीला त्याला पुष्टीही मिळाली. जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांच्या झडपा सावकाश अरुंद झालेल्या आढळल्या. आपल्याला ‘फायदा होतो’ असे सांगणाऱ्यांच्या मनात बहुधा याच काळातली माहिती अजून घर करून आहे. परंतु जुन्या नोंदींतून असा संबंध दिसणे आणि औषधाने फरक पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमित औषध घेणारा माणूस इतरही बाबतींत स्वतःची काळजी घेणारा असू शकतो. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडून, एकाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देऊन पाहावे लागते.

तसे तीनदा पाहिले गेले. २००५ मध्ये स्कॉटलंडमधील ‘सॉल्टायर’ चाचणीत १५५ रुग्णांपैकी एका गटाला ॲटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम अशा भरभक्कम मात्रेत दिले गेले. त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल निम्म्याहून अधिक उतरले, झडप मात्र दुसऱ्या गटाच्याच वेगाने अरुंद होत राहिली. २००८ मध्ये युरोपातील ‘सीज’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. १,८७३ रुग्ण, सिम्व्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब यांची जोडी, चार वर्षांहून अधिक काळ. झडप बदलावी लागण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. २०१० मध्ये कॅनडातील ‘ॲस्ट्रोनॉमर’ चाचणीत रोसुव्हास्टॅटिनचेही तेच झाले. या तिन्ही चाचण्यांनंतर केवळ झडपेसाठी स्टॅटिन देण्याचा प्रश्न माझ्या मते निकालात निघाला.

येथे एक धोक्याचा इशारा द्यायला हवा. हे वाचून आपण कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नये. ‘सीज’मध्ये झडपेला फायदा झाला नाही, पण हृदयाचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे होणारे प्रसंग औषध घेणाऱ्या गटात कमी घडले. झडप अरुंद असलेल्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही अडथळे असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि आपली गोळी त्यांच्यासाठी आहे. तिचे काम ती करत आहे. आपण तिच्याकडून भलत्याच कामाची अपेक्षा करत होतो, इतकेच.

मग अनुमान चुकले कुठे? सर्वमान्य होत चाललेले स्पष्टीकरण असे, की कोलेस्टेरॉलचा वाटा आजाराच्या आरंभी असतो. झडपेत एकदा कॅल्शियम साचू लागले, की ते स्वतःच पुढच्या साचण्याला कारण होते: ताठ झालेल्या पाकळीवर ताण वाढतो, ताणामुळे इजा वाढते, इजेमुळे आणखी कॅल्शियम साचते. मर्मर ऐकू येऊन इको होईपर्यंत बहुतेक रुग्ण या दुसऱ्या टप्प्यात पोहोचलेले असतात. आरंभीच्या टप्प्यात औषध देऊन पाहणे सोपे नाही, कारण त्या वेळी रुग्णाला काही जाणवत नसते आणि इकोवरही फारसे दिसत नसते.

कॅल्शियम हाच मुद्दा असेल तर हाडांची औषधे का वापरू नयेत, हा विचारही संशोधकांनी केला. वयस्कर माणसांत हाडांतून कॅल्शियम निघते आणि झडपेत व रक्तवाहिन्यांत साचते, असे काहीसे चमत्कारिक चित्र दिसते. हाडांची झीज रोखणारी ॲलेन्ड्रोनेट आणि डेनोसुमॅब ही दोन औषधे ‘सॉल्टायर-२’ या चाचणीत १५० रुग्णांवर वापरून पाहिली गेली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन वर्षांनंतर झडपेतील कॅल्शियममध्ये कोणताही उपयुक्त फरक नाही.

आता आपण वाचलेले व्हिटॅमिन के-२. त्यामागील तर्क निराधार नाही. आपल्या शरीरात मऊ ऊतींमध्ये कॅल्शियम साचू न देणारे एक प्रथिन असते आणि ते कार्यक्षम होण्यासाठी व्हिटॅमिन के लागते. तेव्हा हे व्हिटॅमिन वाढवले तर झडप वाचेल, असा हिशेब. डेन्मार्कमध्ये झडपेत कॅल्शियम साचलेल्या ३६५ वृद्ध पुरुषांवर याची चाचणी झाली. एका गटाला दोन वर्षे रोज ७२० मायक्रोग्रॅम के-२ आणि त्यासोबत व्हिटॅमिन डी देण्यात आले. ही मात्रा दुकानांत मिळणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. २०२२ मध्ये आलेला निष्कर्ष सांगतो, की कॅल्शियम दोन्ही गटांत सारखेच वाढले. ‘कमी होते’ हा दावा तर दूरच राहिला. म्हणून माझा सल्ला: झडपेसाठी के-२ घेऊ नका. आपण वॉरफेरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असल्याचे लिहिलेले नाही, पण हे उत्तर इतरही वाचतील म्हणून सांगतो. वॉरफेरिन व्हिटॅमिन के-च्या विरोधात काम करते. त्यामुळे ते घेणाऱ्याने के-२ परस्पर सुरू केले तर रक्तात गाठ होण्याचा धोका उद्भवू शकतो. उलट, वॉरफेरिनमुळे झडपेत कॅल्शियम साचण्यास मदत होते असे वाचून ते स्वतःच्या मनाने बंद करणे हे तर त्याहून घातक.

आपल्या कॅल्शियमच्या गोळीचा प्रश्न थोडा निराळा आहे, आणि येथे माझे उत्तर इतके ठाम नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णालयातील नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सौम्य किंवा मध्यम स्टेनोसिस असलेल्या वृद्धांपैकी जे कॅल्शियमच्या गोळ्या घेत होते, त्यांच्यात मृत्यूचे आणि झडप बदलावी लागण्याचे प्रमाण अधिक आढळले. हादेखील नोंदींवरचाच अभ्यास आहे, आणि स्टॅटिनच्या बाबतीत अशाच नोंदींनी कशी दिशाभूल केली ते आपण वर पाहिले. ज्यांना या गोळ्या दिल्या गेल्या ते मुळातच अधिक आजारी असू शकतात. तरीसुद्धा ‘वय झाले म्हणून सुरू केली आणि पुढे चालूच राहिली’ अशी आपली गोळी असेल, तर ती खरोखर हवी आहे का, हे विचारण्यास हे कारण पुरेसे आहे. हाडांची घनता मोजली होती का? ती कमी निघाली होती का? आहारातून मिळणारे कॅल्शियम पुरत नाही का? या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊन ज्यांनी ती लिहून दिली त्यांच्याकडे जा. आहारातील कॅल्शियम मात्र कमी करू नका; त्याने झडपेला अपाय होतो असे दाखवणारा पुरावा नाही.

आता बहिणीचे प्रकरण. तिचा अहवाल आपण पाठवलेला नाही, त्यामुळे मी अंदाजानेच लिहितो. पण ‘चार औषधे दिली आणि झडप सुधारली’ या वर्णनावरून तिची मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, गळत असावी, आणि त्या गळतीचे मूळ झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत असावे. हृदय कमकुवत होऊन फुगते तेव्हा झडपेच्या पाकळ्या चांगल्या असूनही ओढल्या जातात, त्या एकमेकींना टेकत नाहीत आणि रक्त मागे येते. अशा वेळी हृदयाच्या कमकुवतपणावरील औषधे, म्हणजे बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातले औषध, यांनी हृदयाचा आकार आटोक्यात येतो आणि त्याबरोबर गळतीही कमी होते. तेथे औषधाने झडप बरी केली असे वाटते, प्रत्यक्षात औषध स्नायूवर काम करते. आपल्या बाबतीत स्नायू चांगला आहे आणि पाकळीच ताठ झाली आहे. त्यामुळे तिच्या गोळ्या आपल्याला लागू पडणार नाहीत, आणि तिच्या चिठ्ठीवरून त्या आणून घेण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्यावा. अरुंद झडपेच्या माणसात रक्तदाब एकाएकी उतरवणारे औषध चुकीच्या मात्रेत गेले तर भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो.

झडपेचा आजार औषधाने खरोखर रोखला गेल्याचे उदाहरण हवे असेल तर ते एका अगदी वेगळ्या आजारात सापडते. लहानपणी घशाच्या विशिष्ट जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या र्‍हुमॅटिक तापामुळे झडपा खराब होतात. तेथे पेनिसिलिन या जुन्या औषधाचे महिन्याच्या अंतराने दिलेले इंजेक्शन प्रभावी ठरते. युगांडामध्ये इकोवर आजाराची पहिली चिन्हे दिसलेल्या ८१८ मुलामुलींवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के जणांचा आजार पुढे सरकला. हे यश मिळाले याचे कारण उघड आहे. आजाराचे कारण माहीत होते, ते वारंवार होणारा संसर्ग होते, आणि झडप कायमची बिघडण्याआधी औषध सुरू झाले होते. आपल्या आजारात असा एकच शत्रू नाही.

तथापि एक शत्रू मात्र बऱ्यापैकी ओळखला गेला आहे, आणि त्याची तपासणी आपण एकदा करून घ्यावी असे मला वाटते. रक्तात लायपोप्रोटीन-ए नावाचा कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण असतो. त्याचे प्रमाण प्रामुख्याने अनुवंशाने ठरते, आहाराने किंवा व्यायामाने फारसे बदलत नाही आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीत दिसत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात या कणाशी निगडित जनुकातील एका बदलाचा महाधमनीच्या झडपेत कॅल्शियम साचण्याशी थेट संबंध आढळला. जनुके जन्मतःच ठरलेली असतात, त्यामुळे येथे संबंध कार्यकारण स्वरूपाचा असण्याची शक्यता साध्या नोंदींपेक्षा बरीच अधिक आहे. ही तपासणी आयुष्यात एकदा केली तरी सहसा पुरते. प्रमाण जास्त निघाले तर झडपेसाठी आज वेगळे काही देता येणार नाही, पण इतर कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि साखर यांच्या बाबतीत अधिक काटेकोर राहण्याचे कारण मिळेल, आणि आपल्या मुलांनाही ती तपासणी सुचवता येईल.

आपल्या कानावर आलेले ‘नवे औषध’ बहुधा याच वाटेवरचे असावे. पेलाकार्सेन नावाचे इंजेक्शन यकृतात या कणाची निर्मितीच कमी करते; ते झडपेचा आजार मंदावते का, हे पाहण्यासाठी स्वतंत्र चाचणी हाती घेण्यात आली आहे. दुसरे नाव ॲटासिग्वाट. पेशींमधील नायट्रिक ऑक्साइडचा बिघडलेला संदेशमार्ग दुरुस्त करणारी ही गोळी मध्यम स्टेनोसिस असलेल्यांना सहा महिने दिली, तेव्हा झडपेत कॅल्शियम वाढण्याचा वेग बराच कमी झालेला दिसला. बातमी आशादायक आहे यात शंका नाही. पण त्या चाचणीत एकूण अवघे २३ रुग्ण होते. स्टॅटिनच्या बाबतीतही सुरुवात अशीच उत्साहवर्धक होती, म्हणून मोठ्या चाचणीचे निष्कर्ष येईपर्यंत मी या औषधावर कोणाच्या उपचारांचा आराखडा बेतणार नाही. आपणही बेतू नये.

आणि येथेच आपल्या शेवटच्या प्रश्नाला मला सर्वांत स्पष्ट उत्तर द्यावेसे वाटते. नवे औषध येईपर्यंत शस्त्रक्रिया लांबवण्याचा विचार आज, कोणताही त्रास नसताना आणि आजार मध्यम असताना, करण्याची गरजच नाही. आणि ज्या दिवशी त्रास सुरू होईल त्या दिवशी तो विचार करणे धोक्याचे ठरेल. १९६८ मध्ये रॉस आणि ब्राउनवाल्ड या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले, की या आजारात माणूस अनेक वर्षे काहीच न जाणवता काढतो, पण लक्षणे सुरू झाल्यावर चित्र झपाट्याने पालटते: छातीत दुखू लागल्यापासून सरासरी सुमारे पाच वर्षे, भोवळ येऊ लागल्यापासून तीन, आणि हृदयाच्या कमकुवतपणामुळे धाप लागू लागल्यापासून दोन वर्षे आयुष्य उरते. पुढे २०१० मध्ये, मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही अशा तीव्र आजाराच्या रुग्णांवर झालेल्या ‘पार्टनर’ चाचणीत, झडप न बदलता प्रचलित उपचार घेणाऱ्यांपैकी ५०.७ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले. मांडीतील धमनीतून नळी घालून झडप बसवलेल्यांत हेच प्रमाण ३०.७ टक्के होते. या रोगात लक्षणे दिसू लागल्यावर गोळ्यांनी दिवस काढणे किती महाग पडते, हे सांगायला दुसरा पुरावा नको.

‘शस्त्रक्रिया’ या शब्दाची जी धास्ती आपल्या पत्रात जाणवते, तिच्याबद्दलही थोडे लिहितो. २००२ साली फ्रान्समधील रूआं येथे आलाँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी सरकवून पहिल्यांदा माणसात झडप बसवली. आज ‘टावी’ या नावाने ही पद्धत रुळली आहे आणि अनेक वृद्ध रुग्णांसाठी तीच पहिली निवड ठरते. कमी वयाच्या रुग्णांत, किंवा झडपेची ठेवण तशी असेल तर, छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया अजूनही योग्य असते. आपल्या बाबतीत वेळ येईल तेव्हा वय, झडपेची रचना आणि बसवलेली झडप किती वर्षे टिकावी लागेल, यांचा विचार करून ते ठरेल. २०२४ मध्ये ‘अर्ली टॅव्हर’ या चाचणीने तर पुढचा प्रश्न उभा केला आहे. आजार तीव्र आहे पण लक्षणे नाहीत, अशा ९०१ रुग्णांपैकी एका गटात ताबडतोब झडप बसवली आणि दुसऱ्या गटाला नियमित तपासणीखाली ठेवले. मृत्यू, पक्षाघात किंवा हृदयासाठी अचानक रुग्णालयात भरती व्हावे लागणे, यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण पहिल्या गटात २६.८ टक्के आणि दुसऱ्यात ४५.३ टक्के होते. हा फरक बहुतांशी रुग्णालयातील भरतीचा होता, हेही सांगायला हवे. कल मात्र प्रतीक्षा लांबवण्याच्या बाजूचा नाही.

तेव्हा या मधल्या काळात करायचे काय, तर रक्तदाब नीट सांभाळायचा. अरुंद झडपेमुळे हृदयाला एक अडथळा आहेच, वाढलेला रक्तदाब हा त्यापुढचा दुसरा अडथळा ठरतो. पूर्वी अशा रुग्णांना बीपीची औषधे द्यायला डॉक्टर कचरत. आता कमी मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवत रक्तदाब आटोक्यात आणणे योग्य मानले जाते. धूम्रपान असेल तर बंद. मधुमेह असेल तर त्यावर नियंत्रण. दातांची आणि हिरड्यांची निगा ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तोंडातील जंतू रक्तात शिरून खराब झडपेवर वस्ती करू शकतात, म्हणून दंतवैद्यांकडे नियमित जावे आणि झडपेविषयी त्यांना सांगावे. चालणे, सायकल, हलका व्यायाम यांना आडकाठी नाही. दम काढणारी स्पर्धा किंवा जड वजने उचलण्याचा विचार असेल तर आधी तज्ज्ञांना विचारावे.

इको सौम्य आजारात तीन ते पाच वर्षांनी, मध्यम आजारात एक ते दोन वर्षांनी आणि तीव्र आजारात सहा महिने ते वर्षभराने करण्याची शिफारस आहे. आपल्याला दिलेली एक वर्षाची मुदत त्यात अगदी बरोबर बसते. वेग वर्षाला सरासरी ०.३ मीटरने वाढतो असे आढळले आहे, पण या सरासरीवरून स्वतःची तारीख काढत बसू नका. काहींचा आजार वर्षानुवर्षे जागचा हलत नाही, काहींचा वेगाने पुढे जातो, आणि दोन इकोंतील आकड्यांत मोजणीचाही थोडाफार फरक असतो. शक्य असेल तर तपासणी एकाच ठिकाणी करावी आणि जुने अहवाल जपून ठेवावेत.

मात्र वर्षाची मुदत ही त्रास नसेल तेव्हापुरतीच आहे. जिना चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप, चालताना छातीवर दडपण, श्रमात डोळ्यांपुढे अंधारी किंवा भोवळ, यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जावे. शुद्ध हरपली किंवा छातीतले दुखणे थांबत नसेल तर त्याच क्षणी तातडीच्या विभागात. याहून फसवे लक्षण म्हणजे माणूस नकळत आपले काम कमी करत जातो. पूर्वी एका दमात जायचो तेथे आता मध्ये थांबतो, आणि वयावर खापर फोडतो. स्वतःला हे कळत नाही, घरच्यांना कळते. म्हणून पुढच्या भेटीला घरातील कोणाला तरी बरोबर न्यावे आणि हा प्रश्न त्यांनाही विचारू द्यावा. शंका राहिलीच तर डॉक्टर आपल्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी करून लक्षणे खरोखर नाहीत ना, याची खात्री करून घेऊ शकतात. ज्यांना आधीच लक्षणे आहेत त्यांनी मात्र ही चाचणी करू नये.

एखाद्या औषधाच्या चाचणीत भाग घेण्याचे निमंत्रण आले तर ते धुडकावू नका. आपला आजार ज्या टप्प्यावर आहे त्याच टप्प्यातील रुग्णांची या चाचण्यांना गरज असते. आपल्याला औषध मिळेल की नुसती गोळी, हे आपण ठरवू शकणार नाही, एवढे समजून घ्या. संमतीपत्र पूर्ण वाचा, आणि लक्षणे सुरू झाल्यास झडप बदलण्यास कोणतीही आडकाठी राहणार नाही याची लेखी खात्री करून घ्या. चाचणीत सहभागी होण्यासाठी पैसे मागितले जात असतील तर तेथून निघून यावे.

शेवटी आपल्या अहवालाबद्दल एक विचारणा. झडपेला पाकळ्या तीन आहेत की दोन, हे त्यात लिहिले आहे का? शंभरातील एक-दोन माणसांना जन्मतःच दोन पाकळ्यांची झडप असते आणि ती इतरांपेक्षा एक-दोन दशके आधी अरुंद होऊ लागते. ६३ व्या वर्षी मध्यम आजार निघाला असताना ही शक्यता तपासणे आवश्यक आहे. अहवालात स्पष्ट उल्लेख नसेल तर पुढच्या इकोची वाट न पाहता फोन करून विचारा. दोन पाकळ्या असतील तर महाधमनीचा व्यासही मोजावा लागतो, कारण अशा माणसांत ती रुंदावण्याचा धोका असतो, आणि आपल्या भावंडांचा व मुलांचाही एकदा इको करून घ्यावा लागेल. बहिणीचे इको होतच असतात; तिच्या डॉक्टरांना महाधमनीच्या झडपेकडेही मुद्दाम पाहायला सांगता येईल.